जुनी डिलिव्हरी व्हॅन घेण्याआधी आणि घेतल्यावर: इंदूरकर नवख्यांसाठी

जुनी मॅटाडोर घ्यायची म्हणून कुणी सल्ला विचारायला आलं की मी उलट प्रश्न करतो: चालवायची आहे, की उभी करायची आहे? बहुतेकांनी याचा विचारच केलेला नसतो. त्यांच्या डोक्यात रंग असतो. खाली पिस्ता हिरवा, वर पांढरं छप्पर, बाजूला उघडणारी खिडकी, आत कॉफीचं मशीन. रंग हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात शेवटचं काम. गाडीचं पुढचं आयुष्य ठरतं तिच्या कागदांवर आणि तळाच्या पत्र्यावर, आणि नेमकं हे दोन्ही न बघता लोक बयाणा देऊन मोकळे होतात.

गाडी कोणत्या घराण्यातली

इंदुरात जुन्या गाड्यांचा विषय निघाला की तो होळकरांवर जातोच. महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांची ड्यूसेनबर्ग ही आलिशान अमेरिकन मोटार, तिच्यावरची लंडनच्या गर्नी नटिंग कंपनीने बांधलेली बॉडी, मग त्यांचा माणिकबाग राजवाडा, मग बराच वेळ उसासे. सियागंजातून किराण्याची पोती आणि कपडा मार्केटातून गठ्ठे वाहून ज्या गाड्यांनी हे शहर चालतं ठेवलं, त्यांच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. म्हणूनच त्या अजून भंगाराच्या आसपासच्या भावात मिळतात. तक्रार नाही.

आपल्याकडे डिलिव्हरी व्हॅन म्हणून बऱ्याच गाड्या फिरल्या. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या डॉज आणि फार्गोच्या चेसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, बांधलेल्या व्हॅन, मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची ‘स्टँडर्ड २०’, महिंद्रची चपट्या तोंडाची एफसी-१५०. १९८४ मध्ये मारुती व्हॅन आली, तिचीच पुढे ओम्नी झाली आणि ती २०१९ पर्यंत बनत राहिली. पहिल्या तीन आता शोधूनही मिळणं कठीण. मिळाल्याच तर सुटे भाग मिळत नाहीत. नवख्या माणसाने ओम्नी किंवा मॅटाडोर या दोनच गाड्यांचा विचार करावा असं माझं मत आहे, आणि मन मॅटाडोरवर बसलं असेल तर तिची कुळकथा ठाऊक असलेली बरी.

हॅम्बुर्गच्या हारबुर्ग भागात विडाल अँड झोन नावाची कंपनी टेम्पो या नावाने मालवाहू गाड्या बनवत असे. तिच्याशी करार करून नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये मुंबईत गोरेगावला तीनचाकी हान्सेट बांधायला सुरुवात केली. बजाज टेम्पो कंपनी ती हीच. कारखाना पुढे पुण्याजवळ आकुर्डीला गेला. साठच्या दशकाच्या अखेरीस चारचाकी मॅटाडोर आली आणि तीसेक वर्षं बनत राहिली. २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं. मॅटाडोरची धाकटी बहीण म्हणता येईल अशी ट्रॅव्हलर आपल्या इथे पिथमपुरातच बनते, त्यामुळे या घराण्यातल्या गाड्यांवर हात बसलेले मिस्त्री इंदुरात अजून सापडतात. घेण्याचं हे एक चांगलं कारण आहे.

आता एक यांत्रिक गोष्ट, जिच्यावर पुढचं बरंच काही अवलंबून आहे. मॅटाडोरची ताकद पुढच्या चाकांना जाते. मागे जाणारा लांब शाफ्ट नाही, मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा मोठा डिफरन्शियल नाही, म्हणून मागची फरशी खाली आणि सपाट. हमालाला पोतं कमरेच्या वर उचलावं लागत नाही. फ्रान्सच्या सित्रोएनने १९४७ मध्ये काढलेल्या ‘एच’ व्हॅनमागेही हाच विचार होता: पुढची चाकं ओढणारी, फरशी जमिनीलगत, छप्पर एवढं उंच की माणूस आत ताठ उभा राहील, आणि पत्रा पातळ पण नालीदार, म्हणजे वजन कमी आणि मजबुती जास्त. युरोपात त्या गाड्यांची पुढे कॉफीची आणि धिरड्यांची दुकानं झाली ती नुसत्या दिसण्यामुळे नाही. आत उभं राहून काम करता येतं म्हणून झाली. फोक्सवॅगनच्या १९५० च्या व्हॅनचं इंजिन मागे, त्यामुळे मागची फरशी उंच. तिचा संसार राहण्या-फिरण्याकडे जास्त वळला.

तेव्हा गाडी बघायला जाल तेव्हा आत शिरून उभं राहून बघा. मान वाकते का? दिवसभर मान वाकवून पोहे-जलेबी विकता येणार आहेत का? काही मॅटाडोरांना उंच छप्पर असतं, साध्या व्हॅनला नसतं. ‘छप्पर नंतर वाढवून घेऊ’ असं म्हणणाऱ्यांनी कागदांविषयी पुढे लिहिलंय ते दोनदा वाचावं.

कागद

यावर मी जरा लांबण लावणार आहे, कारण इथेच गाडं अडतं.

पहिली गोष्ट: आरसी कुणाच्या नावावर आहे? जुन्या व्हॅनची आरसी बऱ्याचदा एखाद्या बंद पडलेल्या फर्मच्या किंवा वारलेल्या मालकाच्या नावावर असते, आणि विकणारा ‘मेरे पास ही है बीस साल से’ एवढंच सांगतो. गाडी ताब्यात असणं आणि मालकी असणं यांत फरक आहे. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० वर नोंदलेल्या मालकाची सही लागते. मालक वारला असेल तर आधी वारसांच्या नावावर, मग तुमच्या. वारस तीन आणि त्यातला एक पुण्यात, एक अमेरिकेत अशी स्थिती असेल तर दुसरी गाडी बघा. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, विकणाऱ्यानेच आणून द्यायची. ‘तुम्ही नंतर काढून घ्या’ हे ऐकून घेऊ नका.

दुसरी: परिवहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून बघा. नंबर सापडतच नसेल तर नोंद संगणकावर चढलेली नाही. ती चढवून घेणं हे वेगळं काम आहे आणि तेही विकणाऱ्याचं. सापडला तर थकलेला कर, चलनं, बँकेचा बोजा, फिटनेसची तारीख हे सगळं दिसतं. मालवाहू गाडीचा कर ती अंगणात उभी असली तरी साठत जातो, आणि वसुली शेवटी ज्याच्या दारात गाडी आहे त्याच्याकडून होते.

तिसरी: आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळवा. नुसता डोळ्यांनी नाही. नंबर कोरलाय ती जागा तारेच्या ब्रशने साफ करा, वर पातळ कागद ठेवा आणि पेन्सिल आडवी धरून घासा. आरटीओतही असाच ठसा घेतात. कागदावर आकडे पांढरे उमटतात आणि एखादा आकडा ठोकून बदललेला असेल तर त्याची खोली वेगळी दिसते. इंजिन नंबर न जुळणं त्या मानाने नेहमीचं आहे, इंजिनं बदलली जातात. पण तो बदल आरसीवर चढलेला हवा.

आता तो उलट प्रश्न. चालवायची असेल तर तिची नोंद मालवाहू म्हणून आहे की खासगी, यावर सगळं ठरतं. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतं, आणि पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची फी २०२२ पासून चांगलीच वाढली आहे. बॉडीत बदल करायचा, म्हणजे बाजू कापून खिडकी काढायची, छप्पर वाढवायचं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आधी परवानगी. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल चालणार नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. परवान्याची काळजी मात्र नको: साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या, परवान्यावर साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते, हे २०२४ मध्ये घटनापीठाने पुन्हा सांगितलं.

‘आपण तिला विंटेजमध्ये टाकू’ हा दुसरा लाडका बेत. २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांचे नियम आणले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात हवं. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला ५,००० रुपये, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. हे वाचून लोक खूश होतात आणि पुढची ओळ वाचत नाहीत. तो नियम दुचाक्यांसाठी आणि बिगर-व्यावसायिक प्रवासी चारचाक्यांसाठी आहे. मालवाहू म्हणून नोंदलेली डिलिव्हरी व्हॅन त्यात बसत नाही. बसली तरी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती आणि इंधन भरायला जाण्यापलीकडे ती रस्त्यावर आणता येत नाही, धंदा तर दूरच. नोकरी करून थकलेल्या गाडीला आपल्या नियमांत म्हातारपणाचा मान नाही, राजाच्या गाडीला आहे. असो.

म्हणून दहातल्या आठांना मी सांगतो: उभी करा. स्वतःच्या जागेत, हॉटेलच्या आवारात, शाळेच्या मैदानात वाचनालय म्हणून, मंगल कार्यालयाच्या दारात सरबताचा स्टॉल म्हणून. मग छप्पर वाढवा, बाजू कापा, इंजिन काढून त्या जागी पाण्याची टाकी बसवा. फक्त गाडी कायमची रस्त्यावरून गेली हे आरटीओला कळवून कलम ५५ खाली नोंदणी रद्द करून घ्या, म्हणजे कर साठणं थांबेल. कापाकापी सुरू करण्याआधीच आरटीओत चौकशी करा, कारण चेसिस नंबरचा तुकडा मागितला तर तो शाबूत हवा. आणि ‘उभी’ म्हणजे रस्त्याच्या कडेला नव्हे. इंदुरात नगर निगमचं पथक अशी गाडी उचलून नेताना तिच्या रंगाचं कौतुक करत नाही.

गाडी बघायला जाताना

सकाळी जा. विकणाऱ्याला आधीच सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका. सोबत एक लोहचुंबक, जुना रुमाल, जाड पेचकस आणि टॉर्च.

माळव्याची हवा कोरडी, त्यामुळे इथे जन्म काढलेल्या गाडीचा पत्रा कोकण-मुंबईच्या गाडीपेक्षा बरा असतो. आरसीवर पहिली नोंद रत्नागिरी किंवा रायगडची दिसली की मी पुढे जातच नाही. पण आपल्याकडची काळी माती हा वेगळा शत्रू आहे. पावसाळ्यात ती चाकांच्या कमानीत आतून बसते, दिवाळीपर्यंत ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खाते. बाहेरून काहीच दिसत नाही. हात घालून ती ढेकळं काढा आणि मग टॉर्च मारा.

ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचला. विकणारा म्हणेल, ‘वो चिपकी हुई है, भिया, मत उखाड़ो.’ तीच उखडा. खाली ज्यूटचा किंवा रबराचा थर असतो, त्याखाली फरशी. पेचकसचं टोक टेकवून तळहाताने दाबा. चांगला पत्रा टणक लागतो आणि टोक घसरतं. कुजलेल्या पत्र्यात ते बिस्किटात जावं तसं जातं आणि भोकातून खालची जमीन दिसते. क्लचच्या पेडलजवळचा कोपरा आणि दाराच्या उंबऱ्याचा सांधा इथे हे नक्की करा. नंतर चुंबक रुमालात गुंडाळून, म्हणजे रंगावर ओरखडा उठणार नाही, दारांच्या खालच्या हातभर पट्टीवरून आणि चाकांच्या कमानींवरून फिरवा. जिथे चुंबक सुटून पडतो तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. थोडी पुट्टी सगळ्यांनाच असते. अख्खं दार पुट्टीचं असेल तर भाव त्या हिशेबाने करा.

मग इंजिन. हीटर प्लग तापू द्या, सेल मारा. थंडीत पहिला पांढरा धूर चालेल, तो दोन-तीन मिनिटांत जायला हवा. निळसर धूर राहिला तर ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे नोझल किंवा पंपाचं काम, ते निभावतं. चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण उघडा: आतून फुसफुस वाफ जोरात आली तर बोअर गेलाय, म्हणजे सिलिंडर आतून झिजलेत. पण याने घाबरून गाडी सोडू नका. नंतरच्या मॅटाडोरांना मर्सिडीजच्या परवान्याचं डिझेल इंजिन आहे, त्याच कंपनीच्या ट्रॅक्सला आणि जुन्या ट्रॅव्हलरलाही तेच, त्यामुळे इंजिनाचे भाग मिळतात. मिळत नाही ती काच, काचेभोवतीचं रबर, दारांची मूळ हँडलं, पुढच्या दिव्यांच्या कड्या. इंजिन मेलेलं पण काचा आणि कड्या शाबूत अशी गाडी मी डोळे झाकून घेईन. उलटी असेल तर नाही. नवखे नेमकं उलटं करतात, सेल मारल्यावर इंजिन धडधडलं की विरघळतात.

चालवून बघताना स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून हळू गोल फिरा. पुढच्या चाकांतून टक-टक आवाज आला तर अ‍ॅक्सलचे जॉइंट गेले. उभी करायची असेल तर दुर्लक्ष करा. टायरवरच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं. नक्षी नवीन दिसली तरी सहा-सात वर्षांवरचं टायर रस्त्याला नको.

मिस्त्रीकडे

क्रम: तळ, ब्रेक, वायरिंग, इंजिन, बॉडी, रंग. हा क्रम मोडायची घाई तुम्हालाच होईल, मिस्त्रीला नाही. मिस्त्री एकच असू देऊ नका. इंजिनवाला वेगळा, पत्र्याचं काम करणारा डेंटर वेगळा, इलेक्ट्रिशियन वेगळा, आणि प्रत्येकाचे पैसे कामाच्या टप्प्यावर. एकरकमी ठेका दिला की गाडी शेडच्या मागे जाते आणि पुढे नव्या गाड्या लागत राहतात.

वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडवलीय ना आणि डिझेलची टाकी उतरवलीय ना हे स्वतः बघा. कुजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा चढवून वेल्ड मारण्याची सवय सगळीकडे आहे. ‘उस्ताद, पहले पुराना काट के निकालो’ असं आधीच सांगा, कारण दोन पत्र्यांमध्ये अडकलेला गंज आतून पुन्हा सुरू होतो. ब्रेकमध्ये व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडरचे सील बदलायचेच, चांगले दिसले तरी. वायरिंग तर पूर्ण नवं घाला. जुन्या वायरांची वेष्टणं कडक होऊन तडकलेली असतात. व्हॅनला आग लागते ती बहुधा तिथूनच.

खाण्याचा धंदा असेल तर

फॅसाईची, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी, निगमची परवानगी, आग विझवायचं सिलिंडर हे माहीत असेलच. गॅसबद्दल एक सांगतो. धंद्याला १९ किलोचं व्यावसायिक सिलिंडरच लागतं, घरचं चालत नाही. आणि एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर जात नाही, फरशीवर साचतो. मॅटाडोरची फरशी सपाट आणि चहूबाजूंनी बंद, म्हणजे साचायला आयतीच जागा. छपराला पंखा लावून भागत नाही. फरशीच्या पातळीवर, समोरासमोरच्या बाजूंना जाळीच्या झरोक्यांची जोडी हवीच. सिलिंडर बाहेरून उघडणाऱ्या वेगळ्या कप्प्यात ठेवता आलं तर उत्तम.

मेनू छोटा ठेवा. सराफ्यात रात्री एकेका पदार्थावर दुकानं चालतात, ती जागा कमी म्हणूनच.

रंग आणि अक्षरं

आता तो पिस्ता हिरवा. पण सगळा जुना रंग एकदम खरवडू देऊ नका. बाजूच्या पत्र्यावर, मालकाचं नाव असायचं त्या उंचीला, हातभर जागा निवडा. हजार नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने गोल घासा. वरचा पांढरा जातो, खाली निळा येतो, निळ्याखाली कधी पिवळा. थर पातळ होत गेला की कडा दिसायला लागतात: एखादी वेलांटी, एखादा काना, चार आकडी टेलिफोन नंबर. डेंटरला थांबवून आधी फोटो काढा, मग ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्या. ती बेकरी असेल, ड्रायक्लीनर असेल, मसालेवाला असेल. नाव पुन्हा लिहायचं की नाही ते नंतर ठरवा. फर्म अजून चालू असेल तर त्यांना विचारल्याशिवाय लिहू नका, दुसऱ्याच्या नावाने धंदा केल्यासारखं होतं. कुटुंबातलं कुणी सापडलं तर बऱ्याचदा जुना फोटोही मिळतो.

उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, त्याच दिवशी. पत्रा रात्रभर उघडा राहिला की सकाळी तांबूस झाक येते आणि ती प्रायमरखाली तशीच राहते. वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग घ्या, एनसी (नायट्रोसेल्युलोज) स्वस्त पडतो पण उन्हात लवकर फिकटतो. अक्षरं हाताने काढून घ्या. ट्रकवर लिहिणारे पेंटर अजून आहेत, आणि व्हिनाइलच्या स्टिकरचे कोपरे दुसऱ्या उन्हाळ्यात उचलतात. मराठी लिहिणार असाल तर मजकूर कागदावर मोठा छापून द्या. आपल्याकडचे बहुतेक पेंटर ‘ळ’ चा ‘ल’ करतात आणि मग ‘मिसल’ खायला कुणी येत नाही.

जूनच्या आधी दारांच्या खालच्या कडेची पाणी जायची बारीक भोकं तारेने मोकळी करून घ्या. रंगारी ती हमखास बुजवून ठेवतात.